तुकड्यांतून सांगितलेली नदी

माझा मुलगा आणि सून एकाच विद्यापीठात भूगोल शिकवतात. त्या शनिवारी सूनबाईला नद्यांवरच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय चारच्या आत प्रकाशकाला पाठवायचा होता. तो गेला नसता, तर प्राध्यापकपदाची मुलाखत तिसऱ्यांदा हुकली असती. पण सकाळी तिचा तास होता.

"बाबा, सगळं फोनमध्ये तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून ठेवलंय. फक्त टाइप करायचंय."

"मग ठेव तो फोन इथं. जन्मभर फळ्यावर लिहिलं, हेही जमेल."

मुलगा त्याच्या खोलीत दार लावून लिहीत होता. अशा वेळी त्या दारावर कुणी टकटक करत नसे. आठ वर्षांची नात, आमची चिमणी, फोनचं बटण दाबी, सूनबाईचा आवाज लागे आणि मी दोन बोटांनी टाइप करी.

"नदी वळते तेव्हा बाहेरच्या काठापाशी... अगं, बूट उलटे घातलेस! ...पाण्याचा वेग वाढतो."

चिमणी खो खो हसली. "आजोबा, बूट पण लिहायचे?"

"बूट गाळायचे."

कुठं कुकरची शिट्टी, कुठं दवाखान्यात पुकारलेला नंबर. एक वाक्य मंगळवारी जिन्यात तुटलं होतं. गुरुवारी दवाखान्याच्या रांगेत तिनं ते नेमक्या पुढच्या शब्दापासून उचललं होतं, एक 'आणि'सुद्धा दुसऱ्यांदा नाही. माझी बोटं थांबली. पेन्सिलीला टोक करून आलेलं पोर बेरीज पहिल्यापासून करतं. मीही तसाच. हे कसलं डोकं म्हणायचं!

सोळाव्या तुकड्यात ती म्हणत होती, "म्हणून हे पात्र पुन्हा सरकणार, कारण..." मागून मुलाचा आवाज आला, "अगं, माझा चार्जर कुठंय?" आणि तुकडा संपला. पुढचे सगळे ऐकले. ते 'कारण' कुठंच नव्हतं.

सूनबाई दीडला आली. सांगितलं तशी मटकन बसली. "दोन पानं होती ती डोक्यात, बोलायची राहूनच गेली. सगळा अध्याय त्यावरच उभाय." मग उठून कुकर लावायला निघाली.

मी फोन उचलला आणि त्या दारावर टकटक केलं. मुलानं उभ्याउभ्या ऐकलं. आधी हसला, "हा तर मीच की!" मग आधीचा तुकडा लावला, मग त्याच्याही आधीचा. हसू मावळलं. त्यानं स्वतःचे कागद गोळा केले.

"तू माझ्या खोलीत बस," तो स्वयंपाकघरात येऊन सूनबाईला म्हणाला.

"आणि तुझं काम?"

"सोमवारी करीन."

"जेवणाचं काय?"

"आम्हा तिघांना हात नाहीत होय?"

दार लागलं. दहा मिनिटांत उघडलं. "भात लावला का?"

"लावला."

पुन्हा उघडलं. "चिमणीचं खोकल्याचं औषध?"

"दिलं. जा तू."

तिसऱ्यांदा ती उंबऱ्यातच थांबली. काय विचारायचं ते तिलाच आठवेना. "सवय, दुसरं काय," म्हणाली आणि ओशाळून आत गेली. त्यानंतर फक्त टाइप केल्याचा आवाज, सरीमागून सर यावी तसा. आम्ही तिघं भात तसाच ठेवून ऐकत राहिलो.

चारला वीस मिनिटं असताना अध्याय गेला. ती जेवायला बसली आणि मी अख्खा अध्याय वाचायला घेतला. चिमणी मांडीवर येऊन बसली.

"आजोबा, आई कुठंकुठं थांबली होती, दाखवा ना."

मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मला एकही जागा दाखवता आली नाही.