पाटीवरचा नंबर

अहिल्याबाईंना गुडघ्यांनी थकवलं नव्हतं एवढं नवऱ्यानं थकवलं होतं. गुणाकर गुरुजींनी तिरोडीला जन्मभर गणित शिकवलं. रिटायर होऊन बालाघाटला घर बांधलं, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही हा खाक्या काही सुटला नाही. गेल्या वर्षी लामत्याला लग्नात, भर पंगतीत, पोराला म्हणाले, "चिन्मय, तू शून्य आहेस, शून्य!" का, तर त्यानं सरकारी नोकरी सोडून नागपूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. चिन्मय भरल्या ताटावरून उठला, तो गेलाच. आईचा फोन उचलायचा, पण बाबांचं नाव काढलं की "ठेवतो" म्हणायचा.

"अवो, तुमीच लावा ना एक फोन. बाप आहा ना?" अहिल्याबाई रोज म्हणायच्या.

मग गुरुजींनी जुन्या पाटीवर चिन्मयचा दहा आकडी नंबर ठळक लिहून काढला. म्हणाले, "ही मूळ संख्या आहे का पाह्यतो. हिले कशाचा भाग जाते का नाई, हे ठरलं का लावतो."

आता बोला! सातानं भागलं, अकरानं भागलं, तेरानं भागलं. खालची आकडेमोड रोज पुसायची, वरचा नंबर तसाच. पोळा गेला, दिवाळी गेली. विचारलं की एकच उत्तर, "होऊन राह्यलं."

एका दुपारी गुरुजी खुर्चीत डुलक्या घेत होते आणि अहिल्याबाई पाटी पुसायला बसल्या. पुसता पुसता त्यांनी सहज बोटांच्या पेरांवर वरचे आकडे मिळवले. नवी नवरी असताना गुरुजींनीच शिकवलं होतं, आकड्यांची बेरीज तिनाच्या पाढ्यात बसली की संख्येला तिनाचा भाग जातो, मूळ संख्येची गोष्टच मिटली. बेरीज आली पंचेचाळीस. पुन्हा केली, तरी पंचेचाळीसच. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकच्या नंबराला उभ्या उभ्या भाग लावणारा हा माणूस, आणि याला हे दिसलं नाही? त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"अवो, उठा! हे तं तिनानं जाते!"

गुरुजींनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हौ. माहीत आहे."

"कवापासून?"

"लिहला त्याच दिवशी."

"मंग इतके दिवस मले काहून फसवून राह्यले?"

"फोन लावला अन् त्यानं नाई उचलला तं? मंग मी कोणतं गणित घेऊन बसू, अहिल्या?"

अहिल्याबाईंना रडूच आलं. एवढा मोठा गुरुजी, अन् घाबरला होता बिचारा! त्यांनी गुरुजींचाच फोन घेतला, पाटीवर पाहून नंबर लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. रिंग जात राहिली. जाऊन जाऊन बंद पडली.

गुरुजींचा हात खडूकडे गेला. अहिल्याबाईंनी पाटी ओढून पदराखाली घेतली.

"नाई उचलला तं पुन्हा लावा. आता तुमच्या हातानं."

गुरुजींनी फोन घेतला आणि पाटी न मागता एकेक आकडा दाबायला लागले.