कडीचं विधेयक

शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला दार होतं, दाराला कडी नव्हती. एक आत जायची आणि दुसरी बाहेर दाराला पाय लावून पहारा द्यायची. त्यामुळे मावशी संसदेत निवडून आली तेव्हा तुरतुरीने अभिनंदन वगैरे बाजूला ठेवून पहिलंच वाक्य टाकलं, "मावशी, आता कडीचं बघ."

मावशीने बघितलं. प्रत्येक शाळेत, प्रत्येक दाराला, आतून लागणारी कडी, एवढंच तीन कलमांचं विधेयक. पण ते मंत्र्याचं नव्हतं, साध्या सदस्याचं होतं. अशा विधेयकांच्या वाट्याला येते शुक्रवारची दुपार, आणि हा तर अधिवेशनाचा शेवटचा शुक्रवार! आज मत झालं नाही, तर चिठ्ठ्या टाकून पुन्हा नंबर लागेपर्यंत तुरतुरी शाळा सोडून गेलेली असणार.

ती प्रेक्षक सज्जात जीव मुठीत धरून बसली होती. खाली मावशीचं भाषण संपतंय न संपतंय, तोच एक सदस्य उठले. त्यांना सगळे हरकतराव म्हणत. ते सूर्य उगवला तरी हरकत घेत.

"अध्यक्ष महाशय, गणपूर्ती नाही!"

मावशीचा चेहरा पडला. सभागृह चालायला पन्नास डोकी लागतात. कुणी मोजायला सांगितलं नाही, तर रिकाम्या खुर्च्यांवरही काम भागतं. मोजलं की झाली पंचाईत. मार्शलने मोजली, एक्केचाळीस. घंटा सुरू झाली. दहा मिनिटांत माणसं आली नाहीत, तर सभागृह उठणार.

तुरतुरी दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पळाली. उपाहारगृहात अठरा सदस्य चहात टोस्ट बुडवत निवांत बसले होते. घंटा डोक्यावर ठणाणा करत होती.

"ही बया रोजच केकाटते," एक काका म्हणाले आणि त्यांनी साखर मागवली.

आता यांना कड्यांची महती सांगत बसायची का? तुरतुरी दारातूनच ओरडली, "अहो, आत सदस्यांच्या स्वच्छतागृहाच्या कड्या काढायचं विधेयक आलंय!"

काय ती पळापळ! वर्षभर ज्यांचं ढुंगण खुर्चीवरून हललं नव्हतं, तेही टोस्ट तोंडात कोंबून धावले.

एकोणसाठ! हरकतरावांनी कडू औषध घ्यावं तसं तोंड केलं. तुरतुरी सज्जात परत येऊन धापा टाकत हसली.

"विधेयकाला अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं," अध्यक्ष म्हणाले. बऱ्यापैकी होय आले.

"प्रतिकूल?"

"नाहीऽऽऽ!" अठरा घसे एकदम फाटले.

तुरतुरीच्या तोंडचं पाणी पळालं. शहाण्यांनी समोरचा कागद उघडूनही पाहिला नव्हता! आणि आवाजी मतदानात ज्याचा घसा मोठा, त्याचं खरं.

"मतविभागणी हवी!" मावशी कडाडली. म्हणजे आता एकेक मत मोजणार. सभागृहाची दारं बंद झाली.

सज्जात साधं शिंकायलाही बंदी होती. तुरतुरी कठड्यावरून अर्धी खाली लोंबली. "मी खोटं बोलले! तुमच्या कड्यांना कुणी हात लावत नाहीये! शाळेत कड्या लावायच्यात, मुलींसाठी! वाचा ना एकदा!"

"हिला बाहेर काढा," अध्यक्ष गरजले, "आणि ही वाक्यं कामकाजातून काढा!"

मार्शलने तिला दंडाला धरून बाहेर आणलं. "अधिवेशन संपेपर्यंत प्रवेशबंदी."

"कधी संपतंय?"

मार्शलने घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटांत."

तिने दाराला कान लावला. लाकूड इतकं जाड, की आत देश विकला तरी बाहेर कळू नये! मग दार उघडलं. पहिले आले हरकतराव.

"बाळ, मी विरोधातच मत दिलं. तत्त्वाचा प्रश्न होता."

"कुठलं तत्त्व?"

हरकतराव थबकले, डोकं खाजवलं आणि निघून गेले.

मागून मावशी आली. तिने आधी तुरतुरीचा कान पिळला, मग तिला घट्ट मिठी मारली.

"अडतीस विरुद्ध एकवीस! पुन्हा खोटं बोललीस तर बघ."

"झाला कायदा?"

"कसला कायदा! राष्ट्राध्यक्षांची सही राहिली. शुक्रवारी साहेब लवकर घरी जातात."

"मग उभी काय राहिलीस?" तुरतुरीने मावशीच्या हातातली पिशवी हिसकावली. "पळ!"