पाचव्या होडीला जागा

एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या एका सोमवारी, दुपारी, मी बारा वर्षांनी उजेड पाहिला. मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. मी होडी आहे आणि चांगली जुनी आहे, पण माझी लांबी तुमच्या करंगळीएवढी आहे. पाण्याचा एक थेंबही मला कधी लागलेला नाही. माझे बहुतेक आयुष्य एका टेबलावर आणि त्याच टेबलाच्या खणात गेले.

मला घडवले होड्या बांधणाऱ्या एका सुताराने. मोडलेल्या डोलकाठीचा वीतभर तुकडा त्याच्याकडे उरला होता. त्यातून त्याने पाच होड्या कोरल्या आणि रंगवल्या. लाल, निळी, पांढरी, हिरवी. माझी पाळी आली तेव्हा पिवळ्या डब्याच्या तळाशी चमचाभर रंग उरला होता. तो मला कसाबसा पुरला. माझी एक बाजू आजही फिकट आहे.

आम्ही खेळणी नव्हतो. त्या सुताराची मुलगी नवशिक्यांना शीड आणि सुकाणू शिकवायची. सगळे तिला कप्तानबाई म्हणत. वर्षातून एकदा ती नव्या कप्तानांना शनिवार-रविवारच्या सफरीवर नेई. प्रत्येकाची होडी वेगळी, पुढे तिची लाल. पण त्याआधी आठवडाभर ती सफर क्लबच्या खोलीत टेबलावर होई. काळ्या टेबलावर ती खडूने किनारा काढायची, खडक काढायची, भरतीचे बाण काढायची आणि आम्हाला रांगेत मांडायची. मग जो तो आपली होडी बोटाने पुढे सरकवायचा.

"इथेच बुडून घ्या," ती म्हणायची. "इथे बुडलं तर कपडे वाळत घालावे लागत नाहीत."

ती माझी भरभराटीची वर्षे. "ही पिवळी वळते किती छान!" असे लोक म्हणत. वळवत तेच असत, पण कौतुक माझे होई आणि मी ते घेई.

मग सत्तर साल आले. त्या वर्षी मी कप्तानबाईच्या धाकट्या भावाची होडी होते. सफरीचा मुक्काम नेहमी एकाच जागी असे. किनाऱ्यात आत शिरलेली एक गोल जागा, तीन बाजूंनी टेकड्या, म्हणून तिचे नाव वाटी. नवशिक्यांना एका दिवसात गाठता येईल अशी आडोशाची दुसरी जागाच नव्हती. त्या वर्षी मुक्कामाच्या संध्याकाळी वाटीत नांगरून ठेवलेली भावाची होडी शेजारच्या होडीवर जाऊन आदळली आणि दोन फळ्या फुटल्या. कुणाला लागले नाही. पण भावाने नांगराचा दोर फार लांब सोडला, असे सगळ्यांचे मत पडले. कप्तानबाईचेही पडले. तो काही बोलला नाही. त्याने पुन्हा सुकाणूला हात लावला नाही. खोलीच्या कोपऱ्यात बिनतारी संच घेऊन तो बसू लागला आणि सगळ्यांचा मामा झाला.

पुढच्या वर्षीपासून सफरीला लालसकट चारच होड्या जाऊ लागल्या. मी खणात गेले. माझ्या सोबतीला खडूचे तुकडे आणि टाचण्यांची गंजकी डबी. मित्रांनो, अडगळीत पडण्याचे दुःख मी सोसले असते. पण माझा खण त्याच टेबलाचा होता. दरवर्षी त्या चौघी माझ्या डोक्यावरून सरकत आणि मला ऐकू येई. कोण निघाली, कोण वळली, कोण थांबली, सगळे कळे. मी जागच्या जागी तळमळत राही.

त्या सोमवारी खण उघडला तो एका बाईच्या हट्टापायी.

ही बाई शिवणकाम करायची. बाजारात तिचे छोटे दुकान होते. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. मागे त्याची शिडाची होडी राहिली होती. ती शिडे हिनेच शिवलेली होती. दहा वर्षे ती नवऱ्याबरोबर फिरली, पण सुकाणू कायम त्याच्या हाती. आता धक्क्यावर होडी लावायची जागा फक्त दाखला असलेल्या कप्तानाला मिळे. महिनाअखेरीला तिची जागा जाणार होती. दाखला हवा तर एक सफर स्वतः कप्तान म्हणून पार पाडायला हवी. आणि कप्तानबाईने यादीत तिचे नाव हिरव्या होडीत लिहिले होते. पुढे शब्द होता, सोबती.

"सोबती म्हणून दहा वर्षं काढली मी," शिवणवाली म्हणाली. "अजून किती काढू?"

"अगं, तू चांगली आहेस. पण तू वळण्याआधी विचार करत बसतेस. वारा काय तुझ्यासाठी दारात उभा राहणार आहे?"

"कापड एकदाच कापता येतं, कप्तानबाई. विचार करायची सवय आहे."

"समुद्र कापड नाही."

कोपऱ्यातून मामा म्हणाला, "ताई, पाचवी होडी आहे की खणात. मांडून तर बघ."

कप्तानबाईने त्याच्याकडे जरा रोखून पाहिले. मग खण करकरला आणि मी बाहेर आले. माझी डोलकाठी केव्हाच मोडली होती. शिवणवालीने पदराने माझी धूळ पुसली.

"गुरुवारपर्यंत मांडून बघू," कप्तानबाई म्हणाली. "बसलं सगळं नीट, तर तुझं नाव कप्तान म्हणून लिहीन. नाही बसलं तर मागे लागायचं नाही."

ते तीन दिवस मला आठवतात तसे माझे सबंध आयुष्य आठवत नाही. निळी होडी दातांच्या डॉक्टरांची होती. ते तिला इतक्या हलक्या बोटांनी सरकवत की कप्तानबाई म्हणे, "डॉक्टर, तिला भूल दिलीय का?" पांढरी बेकरीवाल्याची. तो नेहमी घाईत. हिरवीत दोघी जावा. घरात कोण मोठी हे ठरलेले होते, होडीत कोण मोठी हे ठरत नव्हते. आणि मी शिवणवालीच्या हातात. तिचे बोट सुईने खरखरीत झालेले होते. ती मला खडकाजवळ आणून थांबायची, पुन्हा मागे न्यायची, भरतीचे बाण मोजायची. मला वाटे, बाई, सरकव गं लवकर, नाहीतर कप्तानबाई मला परत खणात टाकेल.

गुरुवारी चार वाजता सगळे शेवटच्या मांडणीला जमले. शिवणवाली दुकान बंद करून आली होती, पण मांडीवर काम घेऊनच. एका घेरदार झग्याची कड ती हाताने दुमडत होती. कप्तानबाईने वाटीत मुक्काम मांडला. तोंडाशी लाल, मग निळी, पांढरी, हिरवी. आणि कोपऱ्यात मी.

"बसल्या की नाही?" ती खूश होऊन म्हणाली.

"कवळीतल्या दातांसारख्या," डॉक्टर म्हणाले.

"ट्रेमधल्या पावांसारख्या," बेकरीवाला म्हणाला. "पण पाव फुगतात हं, डॉक्टर."

सगळे हसले. कप्तानबाईने पेनाचे टोपण काढले, यादी पुढे ओढली आणि 'सोबती' या शब्दावर रेघ मारली. मित्रांनो, माझ्या लाकडात जीव असता तर मी उडी मारली असती.

तेवढ्यात मला दिसले की शिवणवालीचे हात थांबले आहेत. ती झग्याकडे पाहत होती आणि मग वाटीकडे. तिने रिळाचा दोरा थोडा ओढला, दोन बोटांत धरून नजरेनेच माझ्या भोवती एक फेरा मोजला. मग हिरवीभोवती. मग पुन्हा माझ्याभोवती. तिचा चेहरा उतरला. तिला काय कळले ते मलाही कळले, कारण बारा वर्षांपूर्वी मी त्याच कोपऱ्यात होते. मी मनात म्हणत होते, गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस. पेन कागदावर टेकले आहे.

"कप्तानबाई," ती म्हणाली, "लिहू नका."

"का? आता काय झालं?"

"टेबलावर होड्या ठेवल्या तिथेच राहतात. पाण्यात राहतील का?"

तिने खणातल्या डबीतून टाचणी घेतली आणि माझ्या पुढे टेबलात टोचली. तो माझा नांगर. टेबलावर एक वीत म्हणजे पन्नास मीटर होते आणि नांगराचा दोर पंचवीस. तिने अर्धी वीत दोरा टाचणीपासून माझ्या नाकापर्यंत बांधला आणि दोरा ताणून मला हळूहळू फिरवले. पाव फेरी होते न होते, तोच मी हिरवीच्या पोटावर जाऊन टेकले. टक्. एवढासा आवाज, पण खोलीत सगळ्यांनी ऐकला.

"बाई उभी असली की झग्याचा घेर दिसत नाही," ती म्हणाली. "बाई फिरली की दिसतो. प्रत्येक होडीला एवढा घेर लागतो. चार मावतात. पाचवी मावत नाही."

"वारा फिरला की सगळ्या एकदमच फिरतात," कप्तानबाई म्हणाली. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. "एका दिशेला. आदळतील कशाला?"

"एकदम नाही फिरत, ताई." मामाने कानावरचे हेडफोन काढून ठेवले होते. "भरती उलटली की जड होड्या पाण्याबरोबर फिरतात. हलकी वाऱ्याला धरून राहते. माझी हलकी होती."

सगळे मामाकडे वळले. दोघी जावासुद्धा.

"म्हणजे तुझा दोर बरोबर होता," कप्तानबाई म्हणाली.

"बरोबर होता."

"मग बारा वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

कप्तानबाई टेबलाकडे पाहत राहिली. ही मांडणी तिला तिच्या वडिलांनी शिकवली होती, आणि त्यात दोरा नव्हता. मग ती शिवणवालीला म्हणाली, "एक होडी कमी करायची तर कुणाची जाते, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय." तिने मला उचलून मुठीत घेतले. "म्हणून तर आधी बोलले. नाव लिहिल्यावर माझी जीभ उचलली नसती."

कप्तानबाई उठून खिडकीशी गेली. तिथून परत आली, पुन्हा गेली. मला तिच्या पावलांवरून काही अंदाज येईना. मग ती टेबलाशी आली, तिने लाल होडी उचलली, खणात टाकली आणि खण गुडघ्याने ढकलून बंद केला.

"ताई!" मामा म्हणाला.

"काय ताई? वाटीत मी करते काय? नांगर टाकते आणि तुमच्यावर ओरडते. ओरडायला वेगळी होडी कशाला हवी? रांगेत पुढे डॉक्टर जातील, त्यांना घाई नसते. मी पिवळीत बसेन." तिने यादी ओढली आणि खोडलेला शब्द स्वतःच्या नावापुढे लिहिला. सोबती. "आणि ऐक गं, होडीत मी एक शब्द बोलणार नाही. चुकलीस तरी नाही. बुडायला लागलीस तर तेवढं सांगेन."

"ताई आणि गप्प!" मामा म्हणाला. "हे बघायला मलाच यायला हवं."

"तू इथेच बस, संच सांभाळ."

शनिवारी सकाळी ते निघाले आणि खोलीत मामा, मी आणि तिघी राहिलो. दर तासाला बिनतारीवरून हाक यायची, होडीच्या रंगाने. निळी इथे, पिवळी तिथे. मामा त्याप्रमाणे आम्हाला सरकवायचा. मधला तास कसा जायचा काय सांगू! माझे नाक वाटीकडे, आणि मी जागेवर खिळलेली. चारच्या हाकेला निळी, पांढरी, हिरवी तिघी बोलल्या. पिवळी बोलली नाही. मामाने खिडकी उघडली, मिटली. मला उचलले, पुन्हा तिथेच ठेवले. वीस मिनिटे गेली.

"पिवळी बोलतेय." शिवणवालीचा आवाज खरखरत आला. "नांगर पडला. दोनदा टाकावा लागला. पहिल्यांदा धरला नाही."

"ताई काही बोलली?"

"नाही. पण रुमालाला इतक्या गाठी मारल्यात की तो आता कापूनच काढावा लागेल."

"भरती उलटली का?"

"उलटतेय. हिरवी आमच्याकडे येतेय... अजून येतेय..." मग नुसती खरखर. मामाचा हात माझ्यावरच होता. "गेली. मधून अजून एक होडी जाईल एवढी जागा राहिली."

मामाने बटण सोडले आणि कितीतरी वेळ तो मला बोटाने वाटीत गोल गोल फिरवत राहिला.

रविवारी सगळे परत आले. शिवणवालीने होडी धक्क्याला लावताना जरा घासली, आणि कप्तानबाईने दोन दिवसांचे साठलेले सगळे बोलणे तिथेच ओतले. सोमवारी दाखला लिहिला, तो मात्र चुपचाप.

पुढे कोणाचे काय झाले, ते सांगते. कप्तानबाई आणखी सहा वर्षे शिकवत होती. टेबलावर आमच्यासोबत दोरे आणि टाचण्या कायमच्या आल्या. शेवटी गुडघे गेले, तेव्हा ती मोठ्या बहिणीकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. मामाने दुसऱ्या वर्षी सुकाणू धरले. पहिल्या वळणावर तो चुकला, आणि खूप हसला म्हणतात. डॉक्टर म्हातारपणापर्यंत रांगेत पुढेच राहिले. बेकरीवाल्याने समुद्र सोडला. त्याला उलट्या व्हायच्या, हे त्याने कुणाला सांगितलेच नव्हते. दोघी जावांपैकी धाकटी कप्तान झाली आणि थोरली तिच्या होडीत हुकूम सोडत राहिली. शिवणवालीची जागा धक्क्यावर सतरा वर्षे टिकली. मग नजर मंदावली, तेव्हा तिने होडी त्या धाकट्या जावेला दिली, आपल्या शिडांसकट.

क्लबात संगणकाच्या पडद्यावर शिकवायला लागले, तेव्हा आमचे टेबल निघाले. चौघी कुठे गेल्या मला ठाऊक नाही. मला शिवणवालीने मागून घेतले. आता तिच्या दुकानात तिची नात बसते आणि मी शिवणयंत्राच्या फळीवर असते. मशीन चालले की फळी थरथरते, आणि मी दिवसभर थोडी थोडी कडेकडे सरकत जाते. मला ते आवडते, खोटे कशाला बोलू? पण खाली फरशी आहे आणि माझे लाकूड आता म्हातारे झाले आहे. म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे. कधी कपडे शिवायला आलात आणि मी अगदी काठावर आलेली दिसले, तर मला उचलून आत ठेवू नका. बोटाने थोडे मागे सरकवा, म्हणजे मला पुन्हा निघता येईल.