ठमाबाईंची झोप

संचिता रात्रपाळी करायची. माजिवड्याला एका कंपनीत परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याचं काम. सकाळी कंपनीची गाडी तिला कल्याणला, खडकपाड्याच्या बिल्डिंगखाली सोडायची, तेव्हा तिचा नवरा मितेश ऑफिसला निघायच्या गडबडीत असायचा. दोघं उभ्या उभ्या चहा प्यायची. तो गेला की ती पडदे ओढून आडवी व्हायची आणि दुपार कलेपर्यंत गाढ झोपायची. लग्न झाल्यापासून असंच चाललेलं आणि तिला त्याचा त्रास नव्हता.

दिवाळीनंतर शेजारच्या फ्लॅटमध्ये हितेश, त्याची बायको रुपाली आणि हितेशची म्हातारी आई ठमाबाई राहायला आले. माणसं मूळची इथलीच. बिल्डिंग उभी आहे ती जमीन एके काळी त्यांची. बिल्डरने मोबदल्यात दिलेले फ्लॅट इतकी वर्षं भाड्याने होते. इथल्याच गावठाणातलं जुनं घर पाडायला काढलं म्हणून आता ते स्वतःच इथे आले. हितेशचा पाण्याच्या टँकरचा धंदा होता, तो दिवसभर बाहेर. रुपाली घरी.

पहिल्याच आठवड्यात संचिताची झोप मोडली. ऊन वर आलं की ठमाबाई गॅलरीत येऊन बसायच्या, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पुढ्यात घ्यायच्या आणि लाटण्याने बडवायला लागायच्या. मध्येच घसा ताणून ओरडायच्या, "हाऽऽ हुर्र, हाऽऽ." जरा थांबायच्या, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा सुरू. त्यांची गॅलरी आणि संचिताच्या बेडरूमची खिडकी अगदी लागून.

संचिताने कानात कापूस घातला, मग मेडिकलमधून कानात घालायचे रबरी बोळे आणले. पंखा पाचावर ठेवून पाहिला. गादी उचलून हॉलमध्ये नेली, तिथून स्वयंपाकघरात. ओट्याखाली डोकं करून झोपली तरी त्या पत्र्याचा आवाज भिंतीतून यायचाच. शेवटी ती रुपालीकडे गेली.

रुपाली ओशाळली. "ताई, सांगून सांगून थकले. सासूबाईंना वाटतं खाली अजून शेत आहे. भाताला पाखरं लागलीत म्हणतात. डबा काढून घेतला तर रडतात, ताटं आपटतात."

ठमाबाई गॅलरीतूनच म्हणाल्या, "पाखरां बसलीन गो शेतान. सगला भात खातीन."

खाली पार्किंगमध्ये ओळीने गाड्या उभ्या होत्या. संचिताला हसू आलं आणि वाईटही वाटलं. "असू दे वहिनी," म्हणून ती परत आली. पण वाईट वाटण्याने झोप भरून येत नाही. डिसेंबर उजाडेपर्यंत तिचं डोकं सतत जड राहायला लागलं. मितेशने साधं काही विचारलं तरी ती अंगावर जायची. एकदा कामावर तिने एका गिऱ्हाइकाची खाजगी माहिती दुसऱ्यालाच वाचून दाखवली. टीम लीडरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर नोकरी राहणार नाही.

त्या सकाळी ती घरी आली, पडली आणि डोळा लागताच डबा वाजला. ती तशीच गाऊनवर उठून शेजारी गेली. दार हितेशने उघडलं.

"दादा, मला माफ करा, पण माझ्याच्याने आता होत नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिला तो आवरत नव्हता. "मी रात्रभर काम करते. माणूस आहे मी. तुम्ही काय वाटेल ते करा, पण हे बंद करा. नाहीतर मी पोलिसात तक्रार देणार."

हितेश दणकट माणूस होता, मनात आणलं असतं तर तोही आवाज चढवू शकला असता. त्याने फक्त मान हलवली. "करतो ताई काहीतरी."

आणि खरंच आवाज बंद झाला. दोन दिवसांनी सकाळी संचिता डब्याची वाट बघतच पडली होती, त्यात कधी झोपली कळलं नाही. उठली तेव्हा पडद्याच्या कडेने उन्हाची पिवळी तिरीप आली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. ती पुन्हा गाणी गुणगुणायला लागली. मितेश म्हणाला, "एकदाच बोललीस पण नीट बोललीस. आधीच बोलायला पाहिजे होतंस." तिलाही तसंच वाटलं. आजींना बहुतेक दुसऱ्या खोलीत बसवत असतील, नाहीतर टीव्ही लावून देत असतील, अशी तिने मनाची समजूत घातली होती. विचारायला मात्र ती गेली नाही.

संक्रांतीला तिने तिळाचे लाडू केले. दोघांनाही सुट्टी होती. थोडे डब्यात भरून ती दुपारी शेजारी गेली. रुपालीने दार अर्धवटच उघडलं.

"आजींनापण देते स्वतःच्या हाताने," संचिता म्हणाली. "खूप बोलले मी त्या दिवशी."

"झोपल्यात त्या."

"बघून तरी जाते."

रुपाली बाजूला झाली.

ठमाबाई आतल्या खोलीत पलंगावर उताण्या पडल्या होत्या. तोंड उघडं. ओठांना चिरा पडलेल्या, कोपऱ्यातून लाळ सुकून पांढरी रेघ झालेली. गालफडं बसली होती. श्वास घेताना छातीत घरघर होत होती. महिन्याभरापूर्वी घसा ताणून पाखरं हाकणारी बाई ती हीच, हे संचिताला पटेना. तिने हाक मारली, "आजी." खांद्याला धरून हलवलं. ठमाबाईंच्या पापण्या जराशा उघडल्या, डोळे वर फिरले आणि पुन्हा मिटले. खांदा कढत होता.

"वहिनी, ह्यांना ताप आहे. किती दिवस अशा आहेत?"

रुपाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "गोळीने अशा पडून असतात."

"कसली गोळी?"

"झोपेची. डॉक्टरांनी रात्री अर्धी द्यायला सांगितलेली, मागेच. तुम्ही येऊन बोललात ना, तेव्हापासून आम्ही सकाळी देतो." तिने मान खाली घातली. "आधी एक देत होतो. मग एकीने भागेना. आता दोन देतो, चहातून. तुमची गाडी खाली आली की देतो. म्हणजे तुम्ही झोपेपर्यंत त्यापण झोपतात."

संचिताला आधी शब्दच कळले नाहीत. तुमची गाडी खाली आली की. रोज सकाळी ती गाडीतून उतरत होती, मान मोकळी करत होती, वॉचमनला हात करत होती, आणि वर कोणीतरी खिडकीतून बघून चहात गोळ्या घालत होतं. तिच्या हातातला डबा पलंगाच्या कडेवर आपटून खाली पडला. लाडू फरशीवर घरंगळत गेले. दोघींपैकी कोणी वाकलं नाही.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात, काय वाटेल ते करा." रुपालीच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. ती नुसतं झालेलं सांगत होती.

पुढचं सगळं संचिताने कसं केलं ते तिला नीट आठवत नाही. मितेशला हाक मारली. हितेशला फोन लावला. तो म्हणाला, संध्याकाळी आल्यावर बघू. ती म्हणाली, "दादा, संध्याकाळी उशीर होईल." मितेशने ठमाबाईंना चादरीसकट उचललं. हाताला वजनच लागलं नाही. रिक्षात संचिताने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुपाली पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत राहिली.

जवळच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छातीचा फोटो काढला. गुंगीत भरवलेलं अन्न चुकीच्या नळीत गेलं होतं आणि फुप्फुसात पू धरला होता. अंगात पाणी उरलं नव्हतं. हितेश तोपर्यंत धावत आला. त्याच्या चपलांना चिखल होता.

"या वयात, दिवसा, दोन गोळ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

संचिताने हितेशकडे पाहिलं. आता तो आपलं नाव घेणार, अशी तिची खात्री होती. घ्यावं, असंही तिला वाटलं.

"कोणी नाही," हितेश म्हणाला. "मीच वाढवल्या."

बाहेर सगळे बाकावर येऊन बसले. मग संचिताच म्हणाली, "दादा, मला माहीत असतं तर..."

"तुमचं नाव कशाला घेऊ ताई." तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. "पहिले दोन दिवस तुमच्यासाठी दिली, हे खरंय. नंतर आम्हालाच बरं वाटायला लागलं. रुपालीला दुपारी पाठ टेकता यायची. मी घरी आलो की घर शांत. आई आहे की नाही तेच कळायचं नाही." तो वाकून चपलेवरचा चिखल नखाने खरवडायला लागला. "तेच बरं वाटत होतं."

संचितालाही तेच बरं वाटत होतं. महिनाभर शेजारून एका माणसाचा आवाज आला नाही आणि तिने एकदाही दार वाजवलं नव्हतं.

ठमाबाई वाचल्या. पण हॉस्पिटलातून आल्या त्या आधीच्या राहिल्या नाहीत. पायावर उभं राहता येईना, गॅलरीत जायचं नाव नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद केल्या आणि म्हातारपणाच्या विस्मरणाचे उपचार करणाऱ्या ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, यांना दिवसा हाताला काम द्या, सोबत द्या. हितेशने सकाळपुरती एक बाई ठेवली.

संचिताने दिवसपाळी मागितली, ती मिळायला जून उजाडेल असं कळलं. तोवर ती सकाळी माजिवड्याहून कल्याणला यायचीच नाही. ठाण्यात नौपाड्याला तिची मावशी राहायची, तिच्याकडे जाऊन झोपायची आणि दुपारी घरी परतायची. हे तिने हितेशला मुद्दाम जाऊन सांगितलं. "सकाळी मी इथे नसते. आजींनी कितीही आवाज केला तरी चालेल."

"आता कुठे करते ती आवाज," तो म्हणाला.

रोज दुपारी घरी आल्यावर ती थोडा वेळ शेजारी डोकावते. रुपाली वालाच्या शेंगांचं ताट ठमाबाईंच्या मांडीवर ठेवते. त्या एकेक शेंग हळूहळू सोलतात, दाणे कधी ताटात पडतात, कधी पदरात. संचिता समोर बसून सोलू लागते. ठमाबाईंना तिची ओळख राहत नाही.

"तू कनची गो?" त्या विचारतात.

"शेजारची," ती सांगते.

ठमाबाई तिच्याकडे निरखून बघतात, काही आठवतंय का ते चाचपल्यासारखं. मग ताट तिच्या बाजूला थोडं सरकवतात.