शरीसची सही

कियाराच्या पायाला जन्मतःच भिंगरी. सात वर्षांची पोर, पण जेवायचीही उभ्यानेच, आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची फुरसत नसे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या शाळेने या वर्षी तिला तिसऱ्यांदा घरी पाठवलं तेव्हा चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आक्रमक.' तिने पेन्सिलींचा डबा भिरकावला होता. कियारा काळी; वर्गातला एक गोरा मुलगा खुर्ची फेकायचा, त्याला मात्र समुपदेशक बाईंकडे बसवत.

तिची आई शरीस इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती, वडील महिन्यातले वीस दिवस ट्रकवर. सात महिने थांबल्यावर डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असं लिहून दिलं आणि सांगितलं, "शाळेकडे लेखी मदत मागा."

शरीस आपल्या आईकडे, व्हर्लीनकडे गेली. व्हर्लीन कॉलर्डच्या पालेभाजीची पानं निवडत होती.

"आई, बुधवारी शाळेत बैठक आहे. माझ्याबरोबर येशील?"

"दोन फटके द्यायचे सोडून डॉक्टर कसले करतेस?"

"फटके देऊन झाले की. तूही दिलेस."

व्हर्लीनचे हात थांबले. "माझ्या भावालाही शाळेने असाच मदतीचा कागद दिला होता. आमच्या आईने विश्वासाने सही केली. रॉस्को त्या मतिमंदांच्या वेगळ्या वर्गात गेला तो गेलाच. शेवटपर्यंत त्याला धड वाचता आलं नाही. तुला सही करायची तर कर बाई, मला नेऊ नकोस."

आईचं खोटं नव्हतं.

बुधवारी ती चर्चला जायचे कपडे घालून एकटीच गेली. समोर पाच जणं बसली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घरी वातावरण कसं असतं? वडील असतात ना?"

शरीसच्या डोक्यात तिडीक गेली. पण तिचा आवाज चढला असता, तर तिच्याही नावापुढे तोच 'आक्रमक' शब्द लागला असता. तिने हात मांडीवर घट्ट धरले.

"घराचं मग सांगते," ती हळू म्हणाली. "आधी डॉक्टरांचा कागद वाचा. आणि ती याच वर्गात राहील, हे मला लिहून हवंय."

तासभर खल झाला. पुढचं बाक, मध्ये फेरी मारायची मुभा, रोज वीस मिनिटं मदतीला बाई, आणि वर्ग तोच. शरीसने प्रत्येक ओळ दोनदा वाचली, मग सही केली.

संध्याकाळी तिने फोन केला. "आई, वर्ग बदलणार नाही. लिहून घेतलंय."

"बरं," व्हर्लीन म्हणाली. "गॅसवर काहीतरी आहे माझं," म्हणत तिने फोन ठेवला.

शाळेच्या चिठ्ठ्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या.

रविवारी चर्चमध्ये व्हर्लीनने लेकीला बसायला शेजारच्या जागेवरची पर्स उचलली नाही. शरीस मागे बसली. दहाव्या मिनिटाला कियारा बाकाखाली शिरली. पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिलं, तसं शरीसने तिला बाहेर नेलं.

गाड्यांच्या रांगांमधून कियारा धावत सुटली. आत गाणं सुरू झालं. शरीस लहानपणापासून त्यातला खालचा सूर धरायची. तिने तो इथेच, गाडीला टेकून, पुटपुटत धरला.

कियारा धापा टाकत आली. "तू कुणाबरोबर गातेस?"

"आतल्यांबरोबर."

"त्यांना ऐकू येतं?"

"नाही," शरीस म्हणाली.

कियारा पुन्हा पळाली. प्रार्थनासभा संपायला अजून पाऊण तास होता.