कॉलरचा वास

माझं नाक कामातून गेलंय, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कीव करत बसू नका.

मिठागरात मीठ काढून झालं की खाली कडू पाणी उरतं. ब्रोमिन तसं सगळ्या समुद्रात असतं, पण नावापुरतं. या उरलेल्या पाण्यात ते दाटतं. आम्ही ते पाणी तापवून टॉवरमध्ये वरून सोडतो, खालून क्लोरिन आणि वाफ. मग ब्रोमिन सुटतं, वाफेबरोबर वर चढतं आणि गार केलं की काळपट तांबडं होऊन खाली उतरतं. दिसायला झकास, वासाला जहाल. उभी हयात त्यात घालवली, नाक राहतंय कशाला?

त्यामुळे आमच्या घरची एक रीत होती. मी कामावरून आलो की बायको उंबरठ्यात आडवी उभी. कॉलरला नाक लावायची आणि फर्मान सोडायची, "चला मागे! नळाखाली व्हा आधी." मागच्या नळाशी हायपोच्या पाण्याची बादली असायची, त्यात कपडे बुचकळले की ब्रोमिनचा वास मरतो. मी करवादायचो, "अगं, दमून आलोय! चोर आहे का मी?" पण ती हलेल तर शपथ.

गेल्या वर्षी ती गेली. आता सरळ घरात शिरतो, कोणी अडवत नाही. मेलं हे सुख मागितलं होतं कुणी?

काल लेक आली, तान्ह्या नातीला घेऊन, पहिल्यांदाच. उद्या सकाळी निघणार. काल कामावरून धावतपळत आलो, कपडे बादलीत बुचकळले, अंग घासघासून अंघोळ केली, धुतलेला सदरा चढवला आणि नातीला उचललं. तिनं नाक मुरडलं, शिंकली आणि असा टाहो फोडला म्हणता! डोळ्यांतून धारा. लेकीनं तिला हिसकावूनच घेतलं.

"बाबा, वास येतोय तुम्हाला!"

"कुठे?"

"मला काय माहीत? पण येतोय."

आज दिवसभर टॉवरशी उभा होतो, पण लक्ष कुठलं लागतंय? एवढीशी पोर, पण तिला घ्यायला हात नुसते शिवशिवत होते. आणि बायकोची आठवण येऊन जीव तुटत होता. ती असती तर एकदा हुंगून सांगितलं असतं, वास नेमका कुठे आहे ते.

संध्याकाळी अंघोळ उरकली आणि दाराबाहेरच थांबलो. आत जायची छाती होईना. लेक बाहेर आली. मला बघून उंबरठ्यातच उभी राहिली, आडवी. पुढे होऊन कॉलर हुंगली. मग केस. मग माझा हात ओढून मनगटाला नाक लावलं.

"हे बघा! घड्याळाचा पट्टा. चामड्यात मुरलाय नुसता."

खरंच की. बायको घड्याळ दाराबाहेरच काढायला लावायची. ती गेली आणि ते राहूनच गेलं.

लेकीनं कमरेवर हात ठेवला. "चला मागे! नळाखाली व्हा आधी. मग घ्या तिला."

मी हललोच नाही.

"बाबा, ऐकू येत नाही का?"

"येतंय गं," मी म्हटलं. "पुन्हा एकदा म्हण."