बिनवासाचं घर

ओकुमुरा आजींच्या दारात फुसाए कमरेपासून वाकली, पुरणाच्या वड्यांचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला, आणि अजून न केलेल्या अपराधाची माफी मागितली.

"आज दुपारी आमच्याकडे कुसाया भाजणार आहे. वास येईल. तुमचे कपडे वाळत असतील तर..."

"कपडे मी सकाळीच आत घेतले. काल सगळ्या गल्लीत सांगत फिरत होतीस, ते मला ऐकू येणार नाही होय?" आजींनी डबा घेऊन आत ठेवूनही टाकला होता. "आणि वड्या कशाला गं आणल्यास? उगाच खर्च. तीस वर्षं कळ काढलीस, आता भाज पोटभर. मी खिडक्यांना चिकटपट्टी लावून बसते."

कुसाया म्हणजे वाळवलेला मासा, पण नुसता वाळवलेला नव्हे. फुसाएच्या माहेरी, दक्षिणेकडच्या बेटावर, विरजण राखावं तसं खारं पाणी पिढ्यान्‌पिढ्या राखतात आणि त्यात मासे बुडवून मग उन्हात टाकतात. त्याचा वास पहिल्यांदा आला की माणसाला वाटतं, कुठेतरी गटार तुंबलं. दुसऱ्यांदा आला की खात्रीच पटते. बेटावर मात्र लेकीच्या रुखवतात त्या पाण्याचं एक मडकं देतात. फुसाएलाही तिची आई देणार होती. पण लग्न जमवणाऱ्या बाईंनी मडक्याचं झाकण उघडून पाहिलं, लगेच लावलं, आणि म्हणाल्या, "मुलगा काय काम करतो, सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मुलगा, म्हणजे तेराओ, किरिसावा डिस्टिलरीत ब्लेंडर होता. सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की, असं बाहेरच्यांना वाटतं. कसलं काय! डिस्टिलरी एकच असते, पिंपं मात्र हजारो. कुणी शेरी वाइन मुरवलेलं, कुणी अमेरिकन ओकचं, कुणी इथल्याच डोंगरातल्या मिझुनारा ओकचं, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. त्यातून कुणाची सोयरीक कुणाशी जमेल ते ठरवायचं, आणि दर वर्षी संसार मात्र तोच वाटला पाहिजे. हे काम तेराओचं नाक करायचं. बाकीचा तेराओ त्या नाकाची ने-आण करायला होता.

म्हणून तीस वर्षं या घरात कशालाच वास नव्हता. लसूण नाही, कांद्याची फोडणी नाही, भाजलेला मासा तर नाहीच. साबण बिनवासाचा. अंगणातलं मोगऱ्यासारखं दरवळणारं झाड शेजारच्या देवळाला देऊन टाकलेलं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्यापुढे लावायच्या उदबत्त्यासुद्धा फुसाएने कुंपणापाशी लावल्या, आणि आत येऊन सासूबाईंच्या फोटोला सांगितलं, "आई, तुमचाच मुलगा आहे, तुम्हीच समजून घ्या." तेराओने कधी काही मागितलं नव्हतं, हेही खरं. तो वाढलेलं निमूट खायचा. पण कामावर निघताना डबा उघडून त्यातल्या उकडलेल्या मुळ्याकडे तो ज्या समाधानाने बघायचा, ते पाहून लसूण चिरायची तिची कधी छाती झाली नाही.

शुक्रवारी तो निवृत्त झाला. शनिवारी बेटावरून भावाचं पार्सल आलं. पोस्टमनने ते हात लांब धरून दिलं.

आज रविवार. फुसाएने केसांना वास लागू नये म्हणून फडकं बांधलं, मागच्या पडवीत शेगडी मांडली, कोळसे फुलवले, आणि पार्सलवरचा चौथा कागद सोडवत असताना समोर गाडी थांबल्याचा आवाज आला.

गाडी डिस्टिलरीच्या मालकांची होती. कुराउची चाळिशीतले, आजोबांनी उभारलेला धंदा सांभाळणारे, स्वभावाने इतके नम्र की त्यांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही आणि त्यांनाही कुणी नाही म्हणू शकायचं नाही. त्यांच्या हातात भारी दुकानाच्या मिठाईचा खोका होता. एवढा मोठा खोका कुणी नुसतं भेटायला आणत नाही, हे फुसाएने दारातच ओळखलं.

चहा ठेवून ती परत पडवीत आली. खोली आणि पडवी यांच्यामध्ये कागदी सरकतं दार होतं, आणि कागदातून बोलणं स्वच्छ ऐकू यायचं.

"तेराओसान, आधी हे बघा," कुराउची म्हणाले. कागद उलगडल्याचा आवाज. "तुमच्या नावाची खास बाटली काढतोय. पंचवीस वर्षांची. लेबलवर तुमचं नाव, खाली तुमचं चित्र. चित्रकाराने नाक जरा मोठं काढलंय, पण लोकांना तेच हवंय."

"नाक बरोबर आहे," तेराओ म्हणाला.

"आणि एक विनंती होती. कशी करू, कळत नाही." इथे ते खाली वाकले असणार, कारण पुढचं बोलणं चटईतून आल्यासारखं आलं. "अजून दोन वर्षं या. फक्त दोन. शिओरी हुशार आहे, आठ वर्षं तुमच्या हाताखाली काढलीत तिने. पण गिऱ्हाईक विचारतं, नाक कुणाचं? मी काय सांगू?"

तेराओ काही बोलला नाही. फुसाएला ती शांतता चांगली ओळखीची होती. मालकांच्या कुठल्याही बोलण्यानंतर तो एवढाच थांबायचा आणि मग "बरं" म्हणायचा. तीस वर्षांत दुसरा शब्द तिने ऐकला नव्हता. आणखी दोन वर्षं मुळा. दोन वर्षांनी मालक आणखी मोठा खोका घेऊन येतील. तिचं वय बासष्ट होतं, आणि भावाने पार्सलसोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की आता त्यालाही हे काम झेपत नाही, मडकं पुढच्या वर्षी विकून टाकणार.

तिने उरलेले कागद टराटरा फाडले आणि मासा शेगडीवर ठेवला.

वास सरकत्या दारातून आत गेला. आत कुराउची दोन वर्षांच्या पगाराबद्दल बोलत होते, ते मध्येच थांबले. मग त्यांनी सावकाश आपले मोज्यांतले पाय मांड्यांखाली ओढून घेतले. जरा वेळाने अंदाज घेतला, तर वास वाढलेलाच. त्यांनी पाय आणखी आत दाबले आणि गुडघ्यावर कोट पसरला. त्यांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्याच्या घरी बसून वासाचा विषय काढायचा, तोही तेराओच्या घरी, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नसतं. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांचाही नाइलाज झाला.

"तेराओसान," ते अगदी हळू म्हणाले, "काही वास येतोय का हो?"

तेराओने चहाचा पेला खाली ठेवला. मान जराशी वर केली आणि लांब श्वास घेतला. हा श्वास घेताना त्याला बघायला लोक लंडनहून येत असत.

"वास?" तो म्हणाला. "कसला?"

कुराउचींचा चेहरा उतरला.

"तुम्हाला... येत नाही?"

"मालक, आता लपवून काय उपयोग. गेल्या हिवाळ्यात मोठी सर्दी झाली होती ना, तेव्हापासून नाही."

"गेल्या हिवाळ्यापासून? मग वसंतातलं मिश्रण? सुवर्णपदक मिळालेलं?"

"ते शिओरीचं. पिंपंसुद्धा तिनेच निवडली. मी शेजारी उभा राहून मान हलवली."

मग कागद पुन्हा गुंडाळल्याचा आवाज आला, अगदी हळुवार, झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावं तसा.

"या बाटलीचं मग..." कुराउची म्हणाले.

"तिचं नाव घाला. नाक नका काढू, तिला आवडणार नाही."

दारापर्यंत कुराउची रुमाल डोळ्यांना लावूनच गेले. त्यांनी कोणापाशी चकार शब्द काढणार नाही अशी शपथ घेतली, म्हणजे मंगळवारपर्यंत सगळ्या डिस्टिलरीत बोभाटा होणार हे नक्की. जाताना त्यांनी फुसाएचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, धीर धरा," ते म्हणाले, आणि जवळजवळ पळतच गाडीत बसले.

फुसाए पडवीत परतली. आधी तिला रडू आलं. ज्या नाकासाठी आख्खा जन्म जपून काढला, ते गेलं, आणि या माणसाने एकट्याने सोसलं, बायकोलाही कळू दिलं नाही. मग डोळे पुसता पुसता तिने हिशेब केला आणि रडू जागच्या जागी थांबलं.

"गेल्या हिवाळ्यापासून?" तेराओ पडवीत येताच ती म्हणाली. "आणि मी वेडी परवापर्यंत मुळा उकडत होते. एक शब्द बोलला असतात तर नवीन वर्षाला कुसाया झाला असता. किती मुळे चिरले मी यंदा, माहिती आहे?"

"अगं, आधी तो उलट," तेराओ म्हणाला. "शेपटीकडून करपतोय. आणि पोटातला कच्चा आहे."

फुसाएने खाली पाहिलं. धुरात मासा धड दिसतही नव्हता. तिने चिमट्याने उलटला. शेपटी काळी झाली होती. तिने चिमटा खाली ठेवला आणि नवऱ्याच्या नाकाकडे पाहिलं.

"खोटं बोललात," ती म्हणाली. "मालकांशी."

"शिओरीचं खरं होतं."

"नुसतं 'नाही जमणार' म्हणायचं होतं."

"मग एक वर्ष मागितलं असतं. तेही नाही म्हटलं असतं तर सहा महिने. मालक वाकायला लागले की मला जमत नाही, तुला ठाऊक आहे."

"अहो, पण आता लोक काय म्हणतील? एवढं नाव कमावलं, आणि म्हणतील, शेवटी शेवटी याला नाकच नव्हतं, हाताखालच्या मुलीच्या जिवावर बसून होता."

"म्हणू दे."

त्याने हे सहज म्हटलं, पण म्हणताना त्याची नजर अंगणाच्या टोकाकडे होती, जिथून डिस्टिलरीची चिमणी दिसते. फुसाएला ते दिसलं. तिने मासा उतरवला, बोटं भाजत सोलला, आणि भाताचे दोन वाडगे आणले.

पहिला घास तिने घेतला. डोळे मिटले. पुष्कळ वेळ चावत राहिली. "आईच्या हातचं नाही हे," ती म्हणाली, "पण आहे," आणि तिने दुसरा घास घेतला.

मग तेराओने घेतला. एका थेंबात ओलं देऊळ, सुकवलेलं पर्सिमनचं फळ आणि जुन्या कपाटाचा खण ओळखणारा माणूस घास तोंडात ठेवून ताठ बसला. त्याचे कान लाल झाले.

"कसाय?"

"भयंकर आहे," तो म्हणाला. गिळून झाल्यावर पुन्हा म्हणाला, "भयंकर." आणि चॉपस्टिक परत माशाकडे गेल्या.

"मग कशाला खाताय? सक्ती आहे का?"

"तू या घरात आलीस तेव्हा तुझ्या केसांना हा वास होता," तेराओ वाडग्यात बघत म्हणाला. "पहिला महिनाभर. मग रोज थोडा थोडा कमी झाला. एक दिवस नव्हताच."

फुसाएचा घास हातातच राहिला.

"तुम्हाला कळत होतं?"

"नाक होतं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला नको झाला असेल."

कुंपणापलीकडून ओकुमुरा आजींचा खोकला ऐकू आला, मग खिडकी घट्ट लावल्याचा आवाज. तेराओने वाडगा पुढे केला. फुसाएने त्याला वाढलं, मग मघापासून केसांवर घट्ट बांधलेलं फडकं सोडून बाजूला ठेवलं, आणि शेगडीवर दुसरा मासा टाकला.